बाळंतपणाची मालीश: बाई ठरवण्यापासून कामगार कार्यालयापर्यंत

माझं सिझेरियन १४ नोव्हेंबर २०२४ ला पुण्यात झालं. मालीश जानेवारीअखेर संपली आणि मालीशवाल्या मावशींच्या घरेलू कामगार म्हणून नोंदणीचं काम फेब्रुवारीत मार्गी लागलं. कोणता डॉक्टर निवडावा, डिंकाचे लाडू किती खावेत, यावर आपल्याकडे सगळे भरभरून बोलतात. पण रोज सकाळी जिच्या हाती आपण आपलं दुखरं, उघडं अंग आणि काही दिवसांचं मूल सोपवतो, तिच्याशी आधी काय बोलून घ्यावं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यांचं बाळंतपण जवळ आलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आईचं म्हणणं होतं की मालीशवाली बाई सातव्या महिन्यातच सांगून ठेवावी. चांगल्या बायकांचे महिने आधीच भरलेले असतात, हे खरंच निघालं. गणपती उठल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी शोध सुरू केला. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, प्रसूतिगृहातल्या आयांना विचारलं, भाजीवाल्या ताईंनाही सांगून ठेवलं.

आधी एका एजन्सीशी बोलणं झालं. महिन्याचे २८ हजार, त्यातले १० हजार आगाऊ, तेही परत न मिळणारे. बाई कोण येणार ते आदल्या दिवशी कळेल आणि मध्येच बदलूही शकेल. पैशांपेक्षा हे बदलणं मला जास्त खटकलं. पावती मागितली तर ‘मेसेजवर लिहून देतो’ म्हणाले. ते सोडून दिलं.

मग एक बाई घरी आल्या. हात चांगला असावा, कारण तीन-चार घरांतून नाव आलं होतं. पण चहा होईपर्यंत त्यांनी मला आमच्याच भागातल्या एका मुलीची सगळी हकीकत सांगितली. तिला दूध कसं येत नव्हतं, तिची सासू काय बोलली, टाके कसे पिकले, सगळं. नाव घेतलं नाही, पण इमारत सांगितली. आई त्यांना दारापर्यंत सोडून आली आणि म्हणाली, ‘उद्या तुझंही असंच पुढच्या घरी जाईल.’ तुम्ही बाई ठरवायला बसाल तेव्हा आधीच्या घरांबद्दल जरूर विचारा, आणि ती किती सांगते याकडे लक्ष ठेवा.

ज्या मावशी शेवटी ठरल्या, त्यांनीच मला जास्त प्रश्न विचारले. साखर आहे का, बीपी आहे का, पायावर शिरा फुगल्यात का, आधी कधी पडझड, ऑपरेशन झालंय का. वय ५२, सासर भोरकडचं, तीस वर्षं हेच काम. मग त्यांनी स्वतःच्या अटी सांगितल्या. ऑपरेशन झालं तर डॉक्टर सांगतील तेव्हाच पोटाला हात लावणार. मालीश चालू असताना खोलीत घरातला पुरुष नको. बाळाला दूध पाजून लगेच मालीश करणार नाही. आणि मालीश बाळ-बाळंतिणीचीच, घरात दुसऱ्या कुणाची नाही.

शेवटची अट सांगताना त्या माझ्या नवऱ्याकडे न बघता आईकडे बघून बोलल्या. कारण पुढे महिनाभराने, सवय झाल्यावर कळलं. एका घरात बाळंतिणीचे सासरे रोज म्हणायचे, ‘मावशी, जाता जाता माझेही पाय चेपून द्या की.’ दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा त्यांनी ते घर सोडलं. अर्ध्या महिन्याचे पैसे बुडाले. ‘मालीशवाली म्हटलं की लोकांना वाटतं, हिला काय, कुणाच्याही अंगाला हात लावायची सवय असते,’ असं त्या सरळ आवाजात म्हणाल्या. मला फार राग आला होता. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे, तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांच्या घरात अशी बाई कामाला येते, त्यांनी तरी हे माहीत करून घ्यावं.

पैशांचं त्याच दिवशी बोलून टाकलं. रोजचे ६०० रुपये, बाळाची मालीश-आंघोळ आणि माझी मालीश मिळून. तेल आमचं. महिन्यातून चार सुट्ट्या, त्यांचे पैसे कापायचे नाहीत. त्यांना सर्दी-ताप असेल तर त्यांनी फोन करून यायचंच नाही, आणि त्या दिवसाचेही पैसे द्यायचे. हे माझ्या नवऱ्याने सुचवलं आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं. पैसे कापले तर बाई शिंकत का होईना येणार, आणि बाळाला जवळ घेणार. उशीर दोन्हीकडून चालणार नाही, हेही बोललो. आम्ही अर्धा तास ताटकळत ठेवलं की त्यांचं पुढचं घर बिघडतं. हे सगळं मी एका कागदावर लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंना ते जरा परकेपणाचं वाटलं. ‘मावशी म्हणतेस आणि कागद करतेस?’ असं त्या म्हणाल्या. मावशी मात्र म्हणाल्या, ‘असू द्या. बोललेलं बरं, मागाहून तोंड वाकडं होत नाही.’

सिझेरियन ऐनवेळी ठरलं. घरी आल्यावर मालीश लगेच सुरू झाली नाही. बाळाची नाळ पडेपर्यंत थांबा, नाळेला तेल-हळद काही लावू नका, असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. माझ्या डॉक्टरांनी हात, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि पाय हलक्या हाताने चालतील म्हणून सांगितलं. पोट आणि टाक्यांच्या आसपास सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत काही नाही. डिस्चार्जच्या दिवशी डोक्यात असंख्य गोष्टी असतात, तरीही हे प्रश्न लिहून न्या आणि उत्तरं शक्यतो फाइलवर लिहून घ्या. मी घेतली होती, आणि तोच कागद पुढे घरातल्या सगळ्या वादांत कामी आला.

२ डिसेंबरला, सोमवारी, मावशी आल्या. आल्या आल्या चपला बाहेर काढून हातपाय धुतले, कमरेची पिशवी सोडून खुंटीला लावली, अंगठी काढून पदराला बांधली. हिरव्या बांगड्या काढायच्या नव्हत्या, म्हणून त्या कोपराकडे सरकवून वर सुती चिंधी गुंडाळली, म्हणजे बाळाला लागायला नकोत. नखं कापलेली होती. आम्ही त्यांच्यासाठी वेगळा साबण आणि रोज धुतलेला पंचा ठेवला होता. ‘हात धुवा’ असं तीस वर्षं काम केलेल्या बाईला सांगावं लागत नाही, पण जागा आणि साबण ठेवणं आपलं काम आहे.

बाळाची मालीश बघताना मला पहिल्यांदा बाळंतपणाची भीती ओसरल्यासारखी वाटली. घाण्यावरचं खोबरेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवायची, तेल आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. मग दोन्ही पाय लांब करून पाटावर बसायचं आणि पोटऱ्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळ ठेवायचं. छातीवरून दोन्ही हात बाहेर, दंडावरून मनगटाकडे, मांडीवरून पावलाकडे. प्रत्येक वेळी हात बदलण्याआधी तळवा क्षणभर तसाच ठेवायचा, बाळ दचकलं तर थांबायचं. बाळाने टाहो फोडला की आमच्याकडे बायका म्हणतात, ‘रडू दे, छाती मोकळी होते.’ या मावशी तसं करत नसत. रडं वाढलं की दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे द्यायच्या, ‘आज नको म्हणतंय’ एवढंच. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर घालायचं, आणि डोक्यावरून पाणी घेताना कपाळावर हाताची पन्हळ धरायची.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी काही गोष्टींना ठाम नकार दिला होता. नाका-कानात तेल नाही, बेंबीत नाही, बाळाची छाती पिळायची नाही. काही नवजात बाळांच्या स्तनातून थोडं दुधासारखं येतं, ते आपोआप थांबतं, पिळलं तर तिथे पू होऊ शकतो. डोकं गोल करायला दाबायचं नाही, नाक ओढायचं नाही, पायाला धरून उलटं लटकवायचं नाही. लव जावी म्हणून डाळीचं पीठ घासायचं नाही. बंद खोलीत शेगडी आणि धुरी अजिबात नाही, कारण कोळशाच्या धुरातला विषारी वायू जिवावर बेतू शकतो, आणि साधा धूरही एवढ्याशा फुप्फुसांना सोसत नाही. वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही.

सासूबाईंना धुरी हवी होती. ओवा, शेपा, थोडा हिंग, त्यांच्या सगळ्या मुलांना दिली होती. त्यांचा जीव त्यात होता, हे मला दिसत होतं. मावशींनी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि माझी बाजूही उचलून धरली नाही. ‘अक्का, डॉक्टरांनी हो म्हटलं तर मी स्वतः निखारे करते,’ असं म्हणाल्या. पुढच्या तपासणीला सासूबाई स्वतः आल्या, त्यांनी स्वतः विचारलं, उत्तर ऐकलं. त्यानंतर विषय निघाला नाही. ओवा-शेपा मग माझ्या जेवणानंतरच्या सुपारीत आला. घरात मतभेद असतील तर मालीशवाल्या बाईला त्यात साक्षीदार करू नका. तिला उद्याही याच घरात सगळ्यांसमोर काम करायचं असतं.

माझ्या मालीशेचं मला जास्त दडपण होतं. परक्या बाईसमोर अंगावरचे कपडे काढून पडायचं, तेही पोट सैल, टाके ओले, दूध गळतंय अशा अवस्थेत. मावशींनी पहिल्याच दिवशी दार आतून लावून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आधी काय झाकून ठेवायचं ते तुम्ही सांगा.’ जुन्या सुती साडीचे दोन तुकडे त्यांनी मागून घेतले. ज्या भागाची मालीश चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. हात दुसरीकडे नेण्याआधी सांगायच्या, ‘आता कंबर घेते हं.’ जोर जास्त होतोय का, हे दर थोड्या वेळाने विचारायच्या. छातीची मालीश नको असं मी म्हटलं, तर का, कशाला, असं काही न विचारता ती सोडून दिली. नको म्हणताना कारण द्यावं लागलं नाही, याचं मला किती हायसं वाटलं ते शब्दांत मांडणं कठीण आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मालीश चालू असताना मला झोप लागायला लागली.

१० डिसेंबरच्या सकाळी माझी डावी पोटरी जरा सुजली होती आणि दाबल्यावर दुखत होती. चांगली रगडून घ्यावी असंच मला वाटत होतं. मावशींनी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले, डाव्या पायाला हाताच्या पाठीने स्पर्श केला आणि म्हणाल्या, ‘हा पाय गरम लागतोय. याला मी हात लावणार नाही. आजच दाखवा.’ मी आग्रह केला, तरी ऐकलं नाही. बाळाचं सगळं आवरून त्या गेल्या. डॉक्टरांनी त्याच दिवशी पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरांतला रक्तप्रवाह बघणारी) करायला लावली, २,४०० रुपये झाले, रक्ताची गुठळी निघाली नाही. पण डॉक्टर म्हणाल्या की मावशींनी केलं तेच योग्य. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, विशेषतः सिझेरियन झालं असेल तर, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. तशी गुठळी असताना पोटरी रगडली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाच पायाला सूज, दुखणं, गरमपणा किंवा लाली असेल तर मालीश नाही, आधी डॉक्टर. या परिच्छेदाचा स्क्रीनशॉट काढून घरात पाठवलात तरी चालेल.

त्या दिवशीचे पैसे मावशी अर्धेच घ्यायला निघाल्या होत्या, कारण माझी मालीश झाली नव्हती. आम्ही पूर्ण दिले. नकार देणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता.

२६ डिसेंबरला माझी सहा आठवड्यांची तपासणी आणि बाळाची दीड महिन्याची लस एकाच दिवशी आली. लस मांडीत देतात, ती जागा चोळायची नाही. म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बाळाची मालीश बंद ठेवली. टाके चांगले भरले होते, पोटाला हलक्या हाताने परवानगी मिळाली. तरी मावशींनी मला फाइल वाचून दाखवायला लावलं, मगच तेल घेतलं.

बारसं आम्ही पाहुण्यांच्या सोयीने ५ जानेवारीला केलं. मावशींना जेवायला बोलावलं, साडी-खण आणि नारळाने ओटी भरली. त्या दिवशी एका नातेवाईक मुलीने त्यांचा पायावर बाळ घेऊन आंघोळ घालतानाचा व्हिडिओ काढला. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस सुटलेले. मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘हे कुठं टाकणार तर नाहीत ना?’ मी तो तिथल्या तिथे काढून टाकायला लावला. त्यांनी आमच्या बाळाचा फोटो कधी काढला नव्हता, मग त्यांचा काढायला आपणही विचारायला नको का? आजकाल आंघोळीचे व्हिडिओ हौसेने टाकले जातात. त्यात बाळ उघडं असतं आणि बाईचा चेहरा स्पष्ट दिसतो.

साडी आणि ओटी वेगळी, पगार वेगळा, हेही सांभाळा. काही घरांत साडी दिली म्हणून शेवटच्या आठवड्याचे पैसे चुकते करत नाहीत, असं मावशींकडूनच कळलं. कोणतं घर, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही दर रविवारी हिशेब करून त्यांच्या मुलीच्या नंबरवर पैसे पाठवायचो आणि वहीत दोघींच्या सह्या.

जानेवारीत एकदा त्यांच्या म्हातारपणाचा विषय निघाला. हातांना मुंग्या येतात, अंगठ्याचं मूळ दुखतं, अजून किती वर्षं जमेल माहीत नाही. मी विचारलं, घरेलू कामगार मंडळात नाव आहे का? नव्हतं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, त्याखाली कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० या वयात नोंदणी करता येते. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगारांना १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजनाही शासनाने राबवली आहे. त्यांच्या ओळखीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांची नावं होती. यांचं नाही, कारण काम करत असल्याचं प्रमाणपत्र घरमालकाने द्यावं लागतं, आणि दर दोन महिन्यांनी घर बदलणाऱ्या बाईला कुणाकडे मागावं हे कळत नव्हतं.

प्रमाणपत्र मी दिलं. त्याबरोबर त्यांच्या आधीच्या दोन घरांना फोन करून त्यांच्याकडूनही पत्रं मागवली. दोन्हीकडच्या मुलींनी त्याच दिवशी सही करून फोटो पाठवला, मूळ कागद मावशींनी जाऊन आणले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आई बाळाजवळ थांबली आणि मी त्यांच्याबरोबर कामगार कार्यालयात गेले. आधार कार्ड, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, बँकेचं पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो, प्रमाणपत्र. सगळ्याच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स घेऊन जा, झेरॉक्सच्या दुकानात फार गर्दी असते. अर्जात कामाचं स्वरूप लिहिताना मी ‘बाळ-बाळंतिणीची देखभाल व मालीश’ असं लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं, आत जाऊन विचारून आल्या आणि चालेल म्हणाल्या. कायद्यात घरकाम आणि त्याला जोडून येणारं काम दोन्ही धरलं आहे, म्हणून अडायचं कारण नव्हतं.

अडलं ते नावावर. रेशन कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यासाठी साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र लिहून आणायला सांगितलं. वेळ संपत आली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो. अर्ज घेतला, पोच मिळाली. पोच घेतल्याशिवाय निघू नका, आणि तिचा फोटो दोघींच्या फोनमध्ये ठेवा. महिनाअखेरीस नोंदणी झाल्याचं कळलं.

मार्चपासून मावशींचं काम बाणेरच्या एका घरी ठरलंय. तिथल्या मुलीने मला फोन करून ‘बाई विश्वासाची आहे ना’ असं विचारलं. मी हो म्हटलं, आणि माझा तो अटींचा कागद तिला पाठवला. रोजचे ६५० मागा, असं मी मावशींना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी ते मागितले, आजारपणाच्या सुट्टीसकट, आणि त्या घराने मान्य केले. सध्या आम्ही दोघी त्यांच्या मुलीकडून फोनवर साधी डायरी लिहायला शिकतोय. कोणत्या घरी कधीपासून कधीपर्यंत काम केलं, ते त्यात लिहून ठेवायचं, आणि शेवटच्या दिवशी त्या घराची सही घ्यायची, म्हणजे पुढच्या वेळी प्रमाणपत्रासाठी कुणाला शोधत फिरायला नको.